दशांशाची डागडुजी

दिवाळीच्या पाडव्याला, २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची ७.८ ही आवृत्ती बाहेर पडली. त्याआधी चारच दिवस, म्हणजे धनत्रयोदशीला, तिला तीस वर्षे पूर्ण झाली होती. हा मुहूर्त कोणी काढलेला नव्हता. कॅनडातल्या कॅलगरीतून हे काम चालवणाऱ्या थिओ डी राट यांना आपल्या पंचांगाशी काही देणेघेणे असण्याचे कारण नाही. तरी योग जुळला तो नेमका वहीपूजनाच्या दिवसांत. आपल्या पेठांमध्ये नवी वही उघडताना पहिल्या पानावर 'श्री' लिहितात आणि जुनी बाकी निमूटपणे पुढे ओढतात. ओपनबीएसडीचा पाडवा दर सहा महिन्यांनी येतो, आणि तिथेही बाकी अशीच पुढे ओढली जाते.

पहिल्या पानावर छापण्यासारखी ही बातमी नव्हतीच. तीस वर्षांत ५९ आवृत्त्या, दर वेळी आकडा दशांश एकने पुढे. ऑक्टोबर १९९६ मध्ये २.० आली, मग २.१, २.२, असे करत करत ७.८. मधे ६.९ नंतर ७.० यायची वेळ आली ती २०२१ च्या ऑक्टोबरात. एखाद्या फोनवाल्या कंपनीने त्या गोल आकड्यासाठी सभागृह घेतले असते, धूर सोडला असता. इथे ६.८ नंतर ६.९ आली तशीच ६.९ नंतर ७.० आली. पूर्णांक बदलला म्हणून कोणी कॉलर ताठ केली नाही.

प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांची यादी येते. ती वाचायला बसले की पहिल्या दहा मिनिटांत जांभई येते, आणि ती यावीच अशी तिची रचना असते की काय अशी शंका येते. अमुक नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये गळणारी मेमरी बंद केली. तमुक आज्ञेच्या माहितीपानातले वाक्य सुधारले. एका ठिकाणी आकडा ऋण आला तर काय, हे तपासले जात नव्हते, ते आता तपासले जाते. कोणी वापरत नव्हते असे काही काढून टाकले. मधेच एखादी ठळक ओळ येते, जशी ७.८ मध्ये रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकावर ही प्रणाली चालू लागल्याची. पण ती शेकडो किडुकमिडुक ओळींत अवघडून बसल्यासारखी दिसते. आमच्या मते या घराण्याचे खरे वैभव त्या किडुकमिडुक ओळींतच आहे, आणि तिसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने लिहायचे ते त्यांच्याविषयीच.

घराणे मोठे आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तिची एक शाखा फुटली, त्या शाखेतून पुढे नेटबीएसडी निघाली. नेटबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक डी राट. डिसेंबर १९९४ मध्ये सहकाऱ्यांशी त्यांचे बिनसले, त्यांना बाहेर पडायला सांगण्यात आले आणि ज्या कोडवर ते रात्रंदिवस काम करत होते त्याच्या भांडारात बदल करण्याची त्यांची सोय बंद झाली. तो वाद कोणाच्या चुकीने पेटला यावर आजही दोन मते आहेत. डी राट यांची जीभ तिखट आहे हे मात्र त्यांचे मित्रही नाकारत नाहीत. पुढच्या वर्षी १८ ऑक्टोबरला त्यांनी त्याच कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. भाऊबंदकीतून वेगळे झालेले घर पहिली गोष्ट कोणती करते? भिंत घालते. या घराने दार उघडे ठेवले. आपले सगळे कोडभांडार, त्यातल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीसह, त्यांनी कोणालाही पाहता येईल असे करून टाकले. तोवर ही मंडळींपुरती ठेवायची गोष्ट होती. आज मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे इतके सवयीचे झाले आहे, की कधी काळी ते कोणीतरी पहिल्यांदा केले असेल हे सुचतही नाही.

१९९६ च्या सुमारास या मंडळींनी सगळा कोड ओळीओळीने वाचायला घेतला. रोज नवे काहीतरी लिहावेसे वाटणाऱ्या धंद्यात हा मोठा विक्षिप्तपणा होता. नियम साधा ठेवला: एक चूक सापडली की ती दुरुस्त करून थांबायचे नाही, तिच्या जातीच्या सगळ्या चुका सगळ्या भांडारात हुडकायच्या. उवा काढणाऱ्या आजीला हा नियम वेगळा सांगावा लागत नाही.

एक जात जवळून पाहू. बँकेच्या अर्जावर नावासाठी चौकटी आखलेल्या असतात, एका चौकटीत एक अक्षर. नाव लांबले तर माणूस शेवटच्या चौकटीशी थांबतो किंवा अक्षरे बारीक करतो. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम थांबत नाही. तो पुढच्या रकान्यात, म्हणजे मेमरीतल्या शेजारच्या जागेत, तसाच लिहीत जातो. त्या जागेत खातेक्रमांक असेल तर खातेक्रमांकावर. चोराला एवढेच हवे असते. यावर जुना उपाय होता तो अर्धवट: चौकटी संपल्या की तो थांबे खरा, पण नाव चौकटींइतकेच किंवा त्याहून लांब निघाले तर शेवटी शून्याची खूण करत नसे, आणि सी भाषेत नाव कुठे संपले हे त्या खुणेवरूनच कळते. म्हणजे लिहिताना वाचलो, वाचताना बुडालो. १९९८ मध्ये टॉड मिलर आणि डी राट यांनी त्याला एक छोटा पर्याय लिहिला. नाव स्ट्रलकॉपी. काम एवढेच, की चौकटींच्या आत राहायचे, शेवटची खूण न चुकता करायची आणि मूळ नाव किती लांब होते ते सांगायचे, म्हणजे काही कापले गेले का हे कळते. लिनक्सच्या जगातल्या मुख्य ग्रंथालयाने, म्हणजे ग्लिबसीने, ही दहावीस ओळींची गोष्ट नाकारली. शिस्तीत लिहिणाऱ्याला तिची गरजच काय, असा सूर होता. नकार टिकला २०२३ पर्यंत. पंचवीस वर्षांनी ती तिथे रीतसर दाखल झाली. सासुरवाशिणीलाही इतका वेळ लागत नाही.

पण या कामाची खरी मजा जुन्या चुकांत आहे. २००८ मध्ये ओट्टो मूरबेक हे ओपनबीएसडीचे एक कार्यकर्ते मेमरी वाटून देणारी नवी यंत्रणा लिहीत होते. ही यंत्रणा जरा कडक होती. मागितलेली जागा ती मेमरीच्या पानाच्या कडेला देई, म्हणजे कोणी एक पाऊल जास्त टाकले की सरळ दरीत. ती चाचणीला दिली आणि स्पार्क-६४ जातीच्या यंत्रावर एक मोठा सी++ प्रकल्प बांधताना कंपायलर मधूनमधून कोसळू लागला. अशा वेळी संशय नव्या सुनेवरच जातो. नवी यंत्रणा मागे घ्या म्हणणे सोपे होते. मूरबेक यांनी माग काढला, तो निघाला याक नावाच्या जुन्या हत्यारापर्यंत. भाषांचे व्याकरण वाचणारे प्रोग्राम बनवून देणारे हे हत्यार बेल लॅब्जमधले. त्यातल्या एका तपासणीत एकाची चूक होती. पंगतीत शंभर पाने मांडली असतील आणि 'शंभरच्या वर माणसे आली तर थांबवा' असे सांगायच्या ऐवजी वाढप्याने एकशे एकाव्याला बसू दिले, तशी. त्या एकशे एकाव्याच्या पुढ्यात इतकी वर्षे पान नव्हतेच, पण शेजारी जमीन होती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. नव्या यंत्रणेने जमीन काढून घेतली. चूक मागे मागे शोधत गेले तर ती १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही तशीच सापडली. तेहतीस वर्षे! त्याच वर्षी त्यांचेच सहकारी मार्क बाल्मर यांनी फाइलींची यादी वाचणाऱ्या कोडमधली अशीच पंचवीस वर्षांची चूक काढली होती. दोन्ही दुरुस्त्या ओळींत मोजल्या तर पोस्टकार्डावर मावतील.

इथे युनिक्सच्या एका जुन्या रिवाजाचा उल्लेख करायला हवा, कारण तो आम्हाला फार आवडतो. तिच्या आज्ञांची माहितीपाने ठरलेल्या साच्यात लिहितात: नाव, वापर, वर्णन, आणि बऱ्याच पानांच्या तळाशी 'दोष' असे एक शीर्षक. या आज्ञेत काय बिघडलेले आहे ते लिहिणाऱ्यानेच तिथे नोंदवायचे. ओपनबीएसडीमध्ये तर माहितीपानातली चूक ही कोडमधल्या चुकीइतकीच गंभीर धरतात. शासननिर्णयाच्या, विमा पॉलिसीच्या किंवा, हो, अग्रलेखाच्या तळाशी असे एखादे शीर्षक छापायची वेळ आली तर किती शाई लागेल याचा हिशेब आम्ही करून पाहिला नाही.

या सगळ्यामागे एक भूमिका आहे, आणि ती समजली नाही तर ही माणसे नुसती चिकट वाटतील. चूक धोकादायक आहे म्हणून ती दुरुस्त करायची, असे ते मानत नाहीत. ती चूक आहे म्हणून दुरुस्त करायची. तिचा गैरफायदा कोणी घेऊ शकतो का, कसा, कधी, हे सिद्ध करायला जो वेळ जाईल तेवढ्यात आणखी चार निघतील. सुरक्षितता हे त्यांच्या लेखी नीटनेटकेपणाचे उपउत्पादन, ताकाबरोबर येणाऱ्या लोण्यासारखे.

ही भूमिका नुसती गोड आहे की कामाची, याचा निकाल लागला १ जुलै २०२४ ला. ओपनएसएसएच हे याच मंडळींचे अपत्य, १९९९ मधले. दूरच्या संगणकावर कुलूपबंद वाटेने शिरण्याचे हे साधन आज बहुतेक सगळ्या सर्व्हरवर बसलेले असते. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी जे काळ्या पडद्यावर 'एसएसएच' टंकतात, त्यांपैकी किती जणांना त्यामागचे गाव कॅलगरी आहे हे ठाऊक असेल? तर त्या दिवशी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले, की लिनक्सवरच्या ओपनएसएसएचमध्ये एक मोठे भगदाड आहे. पासवर्ड न देता, बाहेरून, थेट मालकी मिळवता येते.

भगदाड कसे पडले ते पाहण्यासारखे आहे. आत येऊ पाहणाऱ्याला सर्व्हर साधारण दोन मिनिटे देतो. तेवढ्यात ओळख पटली नाही की गजर होतो आणि प्रोग्राम हातातले काम टाकून नोंदवहीत लिहितो: अमुक जण आला, वेळेत ओळख देऊ शकला नाही. आता अशी कल्पना करा, की मुनीम तिजोरीतल्या नोटा मोजतो आहे, अर्ध्या गादीवर, अर्ध्या आत. तेवढ्यात घंटा वाजते आणि त्यालाच उठवून, त्याच तिजोरीतून पैसे काढून शाई आणायला सांगतात. परत येईपर्यंत हिशेब त्याचा राहत नाही. लिनक्सवर नोंद लिहिणारी यंत्रणा लिहिता लिहिता मेमरी मागत असे, आणि नेमके त्याच क्षणी आधीचे मेमरीवाटप अर्धवट असले की हल्लेखोराला आत हात घालता येई. क्षण पकडायला हजारो प्रयत्न लागत, प्रयोगशाळेत ३२ बिटांच्या यंत्रावर सहाआठ तास. पण यंत्राला कंटाळा येत नाही.

हीच चूक २००६ मध्ये सापडून बुजवलेली होती. २०२० च्या ऑक्टोबरात नोंदींच्या कोडची आवराआवर करताना बुजवलेल्या जागेवरची एक ओळ निसटली आणि जुने भोक उघडे पडले. ही चूकही याच प्रकल्पात घडली, हे स्पष्ट सांगायला हवे. डागडुजी करणाऱ्याचा हातोडाही कधी भलतीकडे पडतो. पण खुद्द ओपनबीएसडीवर हे भगदाड नव्हते. का? तर २००१ मध्ये त्यांनी गजर वाजत असताना वापरण्यासाठी नोंद लिहिण्याची एक वेगळी, सुरक्षित रीत तयार करून ठेवली होती. तेव्हा कोणी 'याचा उपयोग काय?' असे विचारले असते तर दाखवायला हल्ला नव्हता, चोर नव्हता, भगदाड नव्हते. अशा वेळी अशी नोंद लिहिणे बरोबर नाही, इतकेच उत्तर होते. तेवीस वर्षांनी ते पुरेसे ठरले.

मात्र याच भूमिकेने त्यांना एकदा तोंडघशीही पाडले आहे. आपल्या प्रणालीत मुळात जे बसवून येते त्यात दूरवरून शिरता येईल असे भोक पाच वर्षांत सापडले नाही, अशी फुशारकी ते संकेतस्थळाच्या माथ्यावर मिरवत. २००२ मध्ये ओपनएसएसएचमध्येच एक सापडले, तेव्हा 'एकच' असे लिहावे लागले. २००७ च्या मार्चमध्ये कोअर सिक्युरिटीच्या संशोधकांनी नेटवर्कच्या कोडमध्ये आणखी एक दाखवले. मंडळींनी ती चूक तत्परतेने दुरुस्त केली, पण 'यंत्र बंद पडू शकते' एवढ्याच वर्गात टाकली. भोक मानायला ते तयार नव्हते. संशोधकांनी शिरून दाखवले तेव्हा माथ्यावरची पाटी बदलली: 'एक' जाऊन 'दोन' आले. पाटी तिथेच राहिली, हे आम्हाला विशेष वाटते.

कौतुक पुरे. ही प्रणाली तुमच्याआमच्या लॅपटॉपवर सुखाने नांदेल असे नाही. ब्लूटूथ तिला जमत नाही. जे होते ते २०१४ मध्ये, धड चालत नाही म्हणून काढूनच टाकले. आणि वेग! आजच्या संगणकात आठ-सोळा गाभे असतात, पण ओपनबीएसडीच्या मुळाशी बराच काळ एकच मोठे कुलूप होते. चाळीत सोळा बिऱ्हाडे आणि नळ एक, अशी गत. कोणी बादली लावली की बाकीचे रांगेत. दुसऱ्या कोणी चाळ पाडून टॉवर बांधला असता. इथे गेली दहा-बारा वर्षे एकेका बिऱ्हाडाला स्वतंत्र तोटी देणे चालू आहे. जवळपास प्रत्येक आवृत्तीच्या यादीत 'हे काम आता मोठ्या कुलपाशिवाय चालते' अशा दोन-चार ओळी असतात. रांग पूर्ण हटलेली नाही. ज्याला आज वेग हवा आहे त्याने दुसरे घर पाहावे, आणि तसे पाहण्यात काही पाप नाही.

पैशांची कथा मात्र लाजिरवाणी आहे, आणि लाज त्यांची नाही. जगातल्या बड्या कंपन्यांचे सर्व्हर ज्या किल्लीने उघडतात ती फुकट देणाऱ्या प्रकल्पाला जानेवारी २०१४ मध्ये वीजबिलासाठी हात पसरावा लागला. डी राट यांच्या तळघरातल्या यंत्रांचे बिल वर्षाला वीसेक हजार डॉलर. देणगीदार धावून आले आणि दिवे राहिले. तीनच महिन्यांनी हार्टब्लीड नावाची चूक फुटली आणि निम्मे इंटरनेट हादरले. ती होती ओपनएसएसएल या दुसऱ्याच प्रकल्पात. याच मंडळींनी तो कोड उचलला, लिब्रेएसएसएल म्हणून वेगळा केला आणि पहिल्या आठवड्यात त्यातल्या नव्वद हजार ओळी काढून टाकल्या. नव्याने लिहिल्या नाहीत, काढल्या. अडगळीच्या खोलीतून पोती बाहेर निघावीत तशा.

शेवटी एक तारीख. युनिक्सच्या वंशातली यंत्रे वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. तो आकडा ३२ बिटांत ठेवला तर १९ जानेवारी २०३८ ला भांडे भरते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळ असेल, ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला जुन्या यंत्रांना वाटेल की १९०१ साल उजाडले. ओपनबीएसडीने हे भांडे ६४ बिटांचे केले मे २०१४ च्या ५.५ आवृत्तीत, मुदतीच्या जवळजवळ चोवीस वर्षे आधी, ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांसकट. त्यासाठी मागचे सगळे प्रोग्राम पुन्हा बांधावे लागले, बाहेरून येणारे हजारो प्रोग्राम तपासावे लागले, जिथे तिथे 'सेकंद म्हणजे एवढाच आकडा' असे गृहीत धरलेल्या ओळी खोडाव्या लागल्या. बदलांच्या यादीत त्याचे वर्णन थोडक्यात आटोपले आहे.

याच चालीने चालले तर त्या मंगळवारी ओपनबीएसडीची १०.२ ही आवृत्ती चालू असेल. ८ वाजून ४४ मिनिटे ८ सेकंदांनी तिच्या पडद्यावर काहीही होणार नाही.